माती कुणी नेली

१४ जून

विहीणबाई, नमस्कार.

भिंगरी परवा संध्याकाळी सुखरूप पोचली. तिच्या काकाने स्टँडवरून आणली. पिशवीतले कपडे मोजून घेतले, सगळे आले. एक मोजा कमी आहे, पण तो इथूनच एकटा गेला असणार. निळ्या फ्रॉकची बाही तुम्ही अशी रफू केलीत की फाटलेलं कुठे होतं ते शोधूनही सापडत नाही.

फोन न करता लिहिते आहे, कारण आमचा फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि ही पोरगी भिंतीपलीकडचंही ऐकते.

आज सकाळी मी दिवा लावून वाचायला बसले होते. ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “आई उठेल तेव्हा बाबा कुठे असतील?” मी विचारलं, कुठून उठेल? तर जमिनीतून. सुईची आजी म्हणाली की आई झोपली आहे, एक दिवस हाक येईल आणि झोपलेले सगळे उठतील. मग बाबा? तर म्हणे सुईची आजी सुईत दोरा ओवायला लागली. चष्म्याशिवाय तुम्हाला दोरा ओवता येत नाही, आणि चष्मा टेबलावर होता, हेही तिने मला सांगितलं.

मग आमच्यात मानतात ते मी तिला सांगितलं. शरीर म्हणजे अंगावरचा कपडा. अग्नीत तो गळून पडतो आणि जीव मोकळा होतो. तुझे आई-बाबा दोघेही मोकळे झाले, एकाच उजेडात आहेत. ती म्हणाली, “पण आईला तर जाळलं नाही. मग ती कशी मोकळी झाली?” मी तिला दूध प्यायला आत पाठवलं. आतून तिचा आवाज आला, “तुमच्यातलं कुणीतरी एक खोटं बोलतं.”

विहीणबाई, राग मानू नका, पण मला तुमचा राग आला आहे. सात वर्षांच्या पोरीला अर्धंच सांगून अर्धं गिळायचं असेल, तर सांगायचंच कशाला? माझा मुलगा तुमच्या हाकेत बसत नाही हे तिला तुमच्या गप्प बसण्यातून कळावं, हे मला सहन होत नाही.

वहीची आजी
(ती आपल्याला असंच ओळखते, मीही तसंच लिहिते. हिशेबाची वही सोडून माझ्या हातात तिला दुसरं काही दिसतच नाही.)


२३ जून

विहीणबाई,

पत्र पोचलं. मोजा सापडला, माझ्या शिवणाच्या टोपलीत होता.

मी बाबांबद्दल काही बोलले नाही. तिने माझं गप्प बसणं ऐकलं. तुम्ही म्हणता गिळलं, तर हो, गिळलं. आमच्यात शिकवतात की ज्यांनी शपथ घेतली आहे त्यांनाच हाक येते. जावयांनी घेतली नव्हती. हे मी पोरीला कसं सांगू? पण खोटं तरी कसं सांगू? आमच्या मंडळीतल्या बायकांना शेवटची आंघोळ मी घालते, बावीस वर्षं झाली. कफन मीच शिवते. प्रत्येकीच्या कानात सांगते, झोप, हाक आली की उठायचं. माझ्या मुलीच्या कानातही मीच सांगितलं. ते खरं नसेल तर मी तिला काय सांगून जमिनीत ठेवलं?

तुम्हाला राग आला, मलाही आहे. दोघं अपघातात एकाच स्कूटरवरून गेली, एकाच तासात गेली आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात आपण त्यांना वेगळं केलं. तुमच्या धाकट्या दिरांनी मला जावयांच्या पायालासुद्धा हात लावू दिला नाही. इतकी वर्षं माझ्या हातचं जेवत होते ते.

एक गोष्ट लिहिते, कुणाला सांगू नका. मी रोज प्रार्थनेत त्यांचंही नाव घेते. आमच्या ज्येष्ठांना कळलं तर ते मला विचारतील, कोणत्या हक्काने.

सुईची आजी


१६ जुलै

विहीणबाई, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. घरात बरं नव्हतं, म्हणजे भिंगरी बरी नव्हती, म्हणजे ताप वगैरे काही नाही.

शाळेतून बोलावणं आलं होतं. बाईंनी वर्गात विचारलं की मोठं झाल्यावर कोण व्हायचं. कुणी डॉक्टर, कुणी ड्रायव्हर. हिने उभं राहून विचारलं, दोन आज्यांपैकी खोटं कोण बोलतं हे कुठे शिकवतात, ते मला शिकायचंय. पोरं हसली. हिने शेजारच्या मुलीच्या दंडाला चावा घेतला. बाई मला म्हणाल्या, घरात काय चाललंय ते बघा. मी काय बघू? घरात सगळं जागच्या जागी आहे. तीच तेवढी जागेवर नाही. भिंगरी म्हणून हाक मारायची आपण तिला, एक क्षण बसत नव्हती म्हणून. आता जिथे बसवाल तिथे बसते.

अन्न चिवडते. भिंगरीचे आजोबा म्हणतात, विसरेल, पोरं विसरतात. ते स्वतः मात्र मुलाचे बूट अजून पुसून ठेवतात.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. प्रार्थनेत नाव घेता त्याबद्दल एवढंच सांगते की माझा राग तिथेच उतरला. आता यातून मी माझ्यापरीने मार्ग काढते आहे. पोरीला शांत करणं आपल्या दोघींच्या हाती आहे. तुम्ही काळजी करू नका.

पुढच्या महिन्यात चार दिवस सुट्टी आहे. काका तिला चौदा तारखेला तुमच्याकडे सोडेल.

वहीची आजी


१८ ऑगस्ट

विहीणबाई,

भिंगरी काल निघाली, पोचली असेल. मला आजच लिहायला हवं, नाहीतर माझा धीर जाईल.

तुमचं मागचं पत्र वाचून मी ठरवलं होतं की मीच माघार घ्यायची. ती तुमच्याकडे राहते, तुमच्यात वाढणार आहे. तिला एकच गोष्ट ऐकू दे. म्हणून पहिल्याच दुपारी तिला जवळ घेऊन मी म्हटलं, वहीची आजी सांगते तेच खरं. आई जमिनीत नाही, आई-बाबा दोघं उजेडात आहेत, एकत्र. हे बोलताना माझ्या मुलीच्या कानात मी जे सांगितलं ते मी पुसत होते.

भिंगरी हसली. लहान मुलाचं हसू नव्हतं ते. म्हणाली, “पण वहीच्या आजीने तर मला सांगितलं की तुझंच खरं. आई झोपलीये आणि बाबांनाही हाक येणार आहे.”

विहीणबाई, तुम्ही असं केलंत?

मी म्हटलं, अगं, आम्ही दोघी एकमेकींचा मान ठेवतो. ती म्हणाली, “म्हणजे तुम्हाला दोघींनाही माहीत नाही. मी गप्प बसावं म्हणून बोलता.” त्यानंतर तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. जेवायला वाढलं ते जेवली. रविवारी मी प्रार्थनाघरात गेले तेव्हा ती शेजारणीकडे थांबते म्हणाली. परत आले तर शेजारीण म्हणाली, इकडे आलीच नाही. थोड्या वेळाने आली. नखांत माती होती. कुठे होतीस विचारायचं बळ नव्हतं. नुसते हात धुवून दिले.

सुईची आजी


२४ ऑगस्ट

विहीणबाई, नमस्कार.

हो, मी असं केलं. मला वाटलं, एवढं वय झालं, एकदा आपलं बाजूला ठेवलं तर देव रागावणार नाही. माझ्या मुलाला तुमच्या हाकेत मीच घालून टाकलं, तुम्हाला न विचारता. आणि तुम्ही तिकडे तुमची मुलगी माझ्या उजेडात आणून ठेवलीत. दोघींनी एवढा समजूतदारपणा केला की पोरीला उभं राहायला कुठे जमीनच उरली नाही.

आता इथलं. ती आली त्या दिवशी दप्तरातून पाण्याची बाटली काढली, तर ती चिखलाने गच्च भरलेली. झाकण फिरेना. कुठे खेळली कोण जाणे. नवी बाटली, गेल्याच महिन्यात घेतलेली. मी रागावले. मोरीत पालथी केली, काडीने टोकरून टोकरून सगळा चिखल काढला, भरपूर पाणी सोडलं, तीन वेळा धुतली. ती मोरीच्या दारात उभी होती. “राहू दे ना, आजी,” एवढंच म्हणाली. मी म्हटलं, राहू दे कसली, वास मारेल.

त्या दिवसापासून ती बोलत नाही. कुणाशीच नाही. डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले, सगळं ठीक आहे म्हणाले. हाताला धरलं की येते, सोडलं की तिथेच थांबते. एका बाटलीवरून रागावले म्हणून एवढं? तुम्ही तिला काही बोलला होतात का? लपवू नका.

वहीची आजी


३ सप्टेंबर

विहीणबाई,

मी काही बोलले नव्हते. पण बाटलीत काय होतं ते मला आता कळलं आहे. बसून वाचा.

तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशी आमच्या दफनभूमीच्या राखणदाराने ज्येष्ठांना बोलावलं. माझ्या मुलीच्या कबरीवर, डोक्याच्या बाजूला, हात आत जाईल एवढा खड्डा होता. पावसाने कडा ढासळल्या होत्या. लगेच बोलणं सुरू झालं की हे जावयाकडच्या लोकांचं काम. काहीजण तुमच्या गावाला जायची भाषा करायला लागले. कसे जातात आणि काय करून येतात ते तुम्हाला सांगायला नको.

मी खड्ड्यापाशी वाकले. गवतात माझा स्वयंपाकघरातला मोठा चमचा पडला होता. मी तो पदरात घेतला.

मग प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, मी उकरलं. मुलीची आठवण म्हणून माती घरी नेली.

आमच्यात याहून मोठा दोष नाही. कबरीची माती घरी ठेवणं म्हणजे देवाला सोडून मातीला धरणं, असं मानतात. आणि हे सांगणारी बाई बावीस वर्षं इतरांच्या लेकी जमिनीला देते. ज्येष्ठ रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. ते म्हणाले, तू थकलीस, आता हे काम सोड. आंघोळीचं काम गेलं, त्याबरोबर जागाही गेली. हे काम करणाऱ्या बाईला आपल्या कबरीची जागा निवडता येते, तेवढाच त्या कामाचा मान. मी मुलीच्या उजव्या हाताची निवडली होती. आता ती दुसऱ्या कुणाला जाईल.

भिंगरीला यातलं काही कळू देऊ नका. फक्त विचारा, माती कशाला नेली. मला तेवढं हवं आहे.

सुईची आजी


१० सप्टेंबर

विहीणबाई,

विचारलं.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, मला माहीत आहे बाटलीत काय होतं. मी ते मोरीत ओतलं. माझ्या हाताने. मला माहीत नव्हतं, पण ओतलं मीच. मग ती बोलली. तेवीस दिवसांनी तिचा आवाज ऐकला, घोगरा झालाय.

म्हणाली, बाबांची राख नदीत सोडली. आई तिकडे मातीत. आई उठून येणार की उजेडात जाणार ते तुम्हाला माहीत नाही. म्हणून मी आईला थोडं आणलं. पुलावर जाऊन नदीत टाकणार होते. म्हणजे भेटले असते.

मी तिच्या आईला मोरीत ओतलं, विहीणबाई. आणि वर भरपूर पाणी सोडलं.

आता माझं एक ऐका. व्हरांड्यातलं तुम्ही माझ्या दिरांचं लिहिलंत. दीर ओरडले, पण शब्द माझे होते. मीच त्यांना म्हटलं होतं, त्यांची ते नेऊ देत, आपला आपण नेऊ. भाड्याचं घर सोडताना भांडी वेगळी करावीत तसं बोलले मी. तुम्ही भिंतीला टेकून उभ्या होतात, तुम्हाला ऐकू गेलं नाही असं इतके दिवस मी मानून चालले.

मी येते. येता सोमवार सोडून त्यापुढच्या सोमवारची बस धरते आणि तुमच्या ज्येष्ठांना खरं सांगते. लहान पोरीवर ते काय राग धरणार? तुमची जागा तुम्हाला परत मिळाली पाहिजे.

वहीची आजी


१५ सप्टेंबर

विहीणबाई,

येऊ नका. हे पत्र सोमवारच्या आत मिळावं म्हणून बसच्या कंडक्टरकडे देते आहे.

मला ऐकू गेलं होतं. त्या दिवशी मीही मनात तेच म्हणत होते, तुम्ही मोठ्याने म्हणालात एवढंच.

तुम्ही आलात तर काय होईल ते मी सांगते. ज्येष्ठ पोरीवर रागावणार नाहीत. ते म्हणतील, तिकडे वाढते आहे, तिकडचंच शिकणार, हिला फाटकातून आत सोडू नका. तिला आईपाशी जाता येणार नाही. आणि जे काहीजण तुमच्या गावाला यायला निघाले होते, त्यांना कारण मिळेल. माझ्या एका जागेसाठी एवढं नको.

मी देवाच्या घरात उभी राहून खोटं बोलले. त्याचं उत्तर मी देईन. मला वाटलं होतं, खोटं बोलल्यावर माझा विश्वास ढळेल. तसं झालं नाही. हाक येणार हे मला अजून तितकंच खरं वाटतं. त्यानेच तर भीती वाटते. मला आता भिंतीकडेला ठेवतील, ज्यांचं कुणी नाही त्यांच्यात. माझी मुलगी जागी होईल, उजवीकडे हात लावून बघेल, तिथे दुसरीच कुणी बाई असेल. तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल. मला दुसरं काही दिसत नाही.

भिंगरीला आता तुम्हाला माहीत नसलेलं काही सांगू नका. मीही सांगणार नाही.

सुईची आजी


२ ऑक्टोबर

विहीणबाई, नमस्कार.

तुमचं ऐकलं, आले नाही. हास्यास्पद मुळीच वाटलं नाही. आमच्यात तसं काही नाही, तरी तुमचं पत्र आल्यापासून रोज वाचायला बसले की तो उजवीकडे चाचपणारा हात दिसतो आणि माझं पान पुढे जात नाही.

गेल्या आठवड्यात भिंगरीने विचारलं, “मोरीचं पाणी नदीला जातं का?”

हो म्हणायला किती सोपं होतं. जीभ उचललीही होती. पण तुम्ही लिहिलेलं आठवलं. म्हटलं, मला माहीत नाही, आपण बघून येऊ. शनिवारी तिला घेऊन गावाबाहेर गेले, सांडपाण्याच्या मोठ्या टाक्या आहेत तिथे. भिंगरीचे आजोबा म्हणाले, पोरीला दाखवायला तुला हीच जागा सापडली? मी म्हटलं, हीच.

तिथला माणूस भला होता. एवढ्या वर्षांत त्याचं काम बघायला कुणी आलं नसावं, कौतुकाने सगळं दाखवत होता. सगळ्या घरांचं पाणी इथे येतं, या टाकीत थांबतं, वरचं पाणी पुढे नदीला सोडतात. भिंगरीने विचारलं, “आणि माती?” तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी नुसती मान हलवली असती तर तो म्हणाला असता, हो बेटा, मातीसुद्धा. माझी मान हलत होती, विहीणबाई. मी ती धरून ठेवली. म्हटलं, खरं असेल ते सांगा. तो म्हणाला, माती जड असते, ती खाली बसते. तो गाळ काढून वाळवतात आणि ट्रक भरून नेतात. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं.

परतताना ती म्हणाली, “मग भेटले नाहीत.” मी म्हटलं, या रस्त्याने तरी नाही. तेव्हा ती रडली. रस्त्याच्या कडेला बसून, उलटी व्हावी तशी रडली. दोघं गेल्यापासून ती रडली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. जाणारे-येणारे थांबून बघत होते, मी मारलं असेल असं वाटलं असणार त्यांना. मी उठवलं नाही.

घराजवळ आल्यावर म्हणाली, “तुला काय वाटतं?”

खरं काय, असं नाही विचारलं. तुला काय वाटतं, असं विचारलं. मी सांगितलं, मला वाटतं ते मोकळे झालेत, दोघंही. मी ते पाहिलेलं नाही, पण मी रोज त्यावरच उठते आणि त्यावरच झोपते. आईला जाळलं नाही, मग ती कशी मोकळी झाली, हे मला अजूनही सांगता येत नाही. तिने ऐकून घेतलं. पटलं का ते म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. मग म्हणाली, “आणि सुईच्या आजीला काय वाटतं?” मी म्हटलं, ते तिलाच विचार.

येत्या शनिवारी काका तिला तुमच्याकडे आणतो आहे. ती विचारेल. आईबद्दल विचारेल आणि मग बाबांबद्दलही विचारेल. विहीणबाई, तिला माझं सांगू नका, तुमचं सांगा. आणि या वेळी दोरा ओवत बसू नका. तुमच्या हाकेत माझ्या मुलाचं नाव नसेल, तर नाही म्हणून सांगा. मी इथे असेन. मला ते सहन होणार नाही, पण मी ते सहन करीन.

वहीची आजी